पहिल्या फेरीचं माणूस

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या दिवाकर गोतमारेला कोणी मेकॅनिक म्हटलं की तो कान खाजवायचा आणि म्हणायचा, "मेकॅनिक दुसरे, बाप्पा. मी फक्त गाडी थांबवतो." इंजिनाला तो हात लावत नसे. क्लच, गिअर, वायरिंग, कशालाच नाही. त्याचा बाप सदोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामावर रायपूरला आला, मालगाडीच्या वाघिणींचे ब्रेक दुरुस्त करता करता निवृत्त झाला आणि मग तलावाजवळच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, एक जॅक आणि एक पाट टाकून बसला. पोराला त्यानं येत होतं तेवढंच शिकवलं, आणि येत होता फक्त ब्रेक.

सदोबानं दुकानाला एक रीत घालून दिली होती. ज्याच्या हातचा ब्रेक, त्याच्या घरचं माणूस पहिल्या फेरीत. काम संपलं आणि मालक गाडी न्यायला आला की दुकानदारानं आपल्या घरातलं एक माणूस त्या गाडीत बसवायचं. मालकानं तलावाकाठून एक चक्कर मारायची, ते माणूस परत दुकानासमोर उतरवायचं आणि मगच पुढं जायचं. हीच हमी, हीच पावती. पोट्टा होता तेव्हापासून दिवाकर असा लोकांच्या गाड्यांत बसत आला. पुढं पान्हा त्याच्या हाती आला, लग्न झालं आणि बसायचं काम वनमालाकडं गेलं.

नव्या नवरीला एका लाकूडवाल्या सेठच्या गाडीत मागं बसवून दिलं, तेव्हा तिला वाटलं की सासरची माणसं हुंडा कमी पडला म्हणून तिला कुठंतरी सोडून देताहेत. ती तलावाच्या वळणापर्यंत रडली. परत आल्यावर सासऱ्यानं रीत समजावून सांगितली आणि तिला त्यात गोडी लागली ती कायमची. फेरीच्या दिवशी ती ठेवणीतलं पातळ नेसायची, केसात फूल माळायची आणि मागच्या सीटवर अशी ऐसपैस बसायची की गाडी तिचीच आणि पुढं बसलेला मालक म्हणजे ड्रायव्हर. "रायपुरात माझ्याएवढ्या गाड्यांत मंत्रीही बसला नसंल," ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. लोकही पक्के. किती दिवस टिकंल, कोणता माल घातला, असलं काही विचारत नसत. "वहिनी बसल्या का?" एवढंच विचारायचे. बसल्या म्हटलं की विषय संपला.

आता गिऱ्हाईक कमी झालं होतं. रिंग रोडवर काचांची वर्कशॉपं झाली, तिथं गाडी दिली की बसायला सोफा आणि प्यायला कॉफी मिळते, आणि माणसाला आपली गाडी आजारी आहे याचाच अभिमान वाटायला लागतो. दिवाकरकडं उरल्या त्या जुन्या गाड्या आणि जुनी माणसं. त्याचं त्याला दुःख नव्हतं. दुःख होतं ते बोटांचं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट अलीकडं बधिर पडत चाललं होतं. कप धरला आहे की नाही, हे कपाकडं बघून ठरवावं लागायचं. वनमालाला त्यानं हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढायला लावलं असतं, आणि शटरच्या आत दिवाकरनं करायचं काय?

तेवढ्यात मीराकाकूंची कॉन्टेसा आली.

मीराकाकू ब्राह्मणपाऱ्यातल्या. यजमान वकील होते. ते गेले आणि त्यांची पांढरी कॉन्टेसा परसातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. मुलगी मंजिरी, नव्या रायपुरात सरकारी नोकरीत, आईजवळच राहायची. तिनं कोणाकडून तरी इंजिन सुरू करून घेतलं होतं, पण पुढची दोन्ही चाकं आवळून बसली होती, म्हणून गाडी क्रेननं उचलून आणावी लागली. काकूंना राजिमला, महानदीच्या संगमावर, दर्शनाला जायचं होतं, आणि याच गाडीतून जायचं होतं. यजमानांबरोबर त्या शेवटच्या तिथंच गेल्या होत्या. वय झालेलं, गुडघे गेलेले. मागितलं काय, तर एवढंच.

"भैया, मी तर वर्कशॉपमध्ये देणार होते," मंजिरी म्हणाली. "पण आई ऐकत नाही. म्हणते, दिवाकरच पाहिजे."

आता इथं माणसानं गप्प बसावं की नाही? पण दिवाकरची छाती फुगली. "दुसऱ्याच्या हाती देऊच नका," तो म्हणाला. "ह्या गाडीले समोर डिस्क ब्रेक आहे. रायपुरात डिस्क कोणी पाह्यला नव्हता, तेव्हा माझ्या बापानं हीच गाडी उघडली होती. रविवारी घेऊन जा. रविवारी काकू राजिमले."

त्यानं चाकं काढली, कॅलिपर उतरवले. कॅलिपर म्हणजे लोखंडी मूठ. आत पिस्टन असतो, पायडल दाबला की ब्रेक ऑइलच्या जोरावर तो पुढं येतो, पॅड डिस्कवर दाबतो आणि गाडी थांबते. या गाडीचे पिस्टन गंजून जागीच चिकटले होते आणि जुने पॅड झिजून पत्र्याला आले होते. पिस्टन बाहेर काढायला त्याला एक अख्खी सकाळ लागली. मग ते बारीक पॉलिश पेपरनं पाण्यात घासत बसला, आरशासारखे होईपर्यंत. नवे पॅड मिळाले. पिस्टनभोवती बसून ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा मात्र रायपुरात नव्हत्या, नागपुरात नव्हत्या. त्या कोलकात्याहून मागवाव्या लागल्या आणि शुक्रवारी येऊन पोहोचल्या. दोन चाकं, दोन रिंगा, जास्तीची एकही नाही.

डावी रिंग नीट बसली. उजवी बसेना. रिंग ब्रेक ऑइलमध्ये भिजवायची आणि खाचेत नुसत्या बोटांनी दाबत दाबत बसवायची, रबराला लोखंड लावायचं नाही, हे सदोबानं त्याला थोबाडीत मारून शिकवलं होतं. पण बोटांना खाच लागेना. अंगठा दाबतो आहे की घसरतो आहे, तेच कळेना. दिवाकर चिडला. गाडीवर नाही, रबरावर नाही, त्या अंगठ्यावर. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, दुकानात कोणी नव्हतं, आणि त्यानं बारीक लोखंडी पेचकस उचलला. रिंग टपकन बसली. मग त्यानं चष्मा पुसून पाहिलं तर रिंगेच्या कडेला चीर पडली होती.

नवी मागवायची तर पुढचा आठवडा. रविवार तर तो बोलून बसला होता. त्यानं भंगाराच्या डब्यातून उजव्या चाकाचीच जुनी रिंग शोधली, धुतली, उजेडात धरली. जराशी कडक झाली होती. एका जागी खरखरीत वाटत होती, किंवा वाटत नव्हती. बोटावरच भरवसा नाही तर साक्ष कोणाची काढणार? त्यानं ती घातली. ऑइल भरलं, नळीतली हवा काढली, पायडल दाबून पाहिला. टणक. शनिवारी एकट्यानं गल्लीतून गाडी फिरवली, दोनदा जोरात ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. कुठं थेंबभर गळती नाही. अशी रिंग वर्षभर चालते, कधी कधी पाच वर्षं चालते. आणि कधी कधी संध्याकाळपर्यंतही चालत नाही.

शनिवारी संध्याकाळी वनमालानं मोरपंखी पातळाला इस्त्री केली. "कॉन्टेसा हाय ना उद्या," ती म्हणाली. "वकीलसाहेब होते तेव्हा बसली होती मी तिच्यात. सीट म्हणजे गादी होती नुसती." दिवाकर हं म्हणाला. पातळावरून इस्त्री मागं पुढं होत होती आणि तो ती बघत होता. तेव्हा त्याला कळलं की ही बाई उद्या त्या गाडीत बसलेली त्याला चालणार नाही.

इतकं कळल्यावर पुढचंही कळायला पाहिजे होतं. जी गाडी वनमालाला चालत नाही ती मीराकाकूंना कशी चालेल? पण माणसाचं मन मोठं सोयीचं असतं. दिवाकर रविवारची सकाळ उजाडेपर्यंत एकाच गोष्टीचा विचार करत राहिला, की वनमालाला कसं टाळायचं.

ते फार सोपं निघालं. मंजिरी आणि काकू सांगितल्या वेळेच्या आधीच ऑटोतून आल्या. वनमाला आत आंघोळीला गेली होती. काकूंच्या हातात पिशवी, पिशवीत डबे. मंजिरीनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "वहिनी कुठं आहेत?"

"तिले ताप हाय," दिवाकर म्हणाला. इतक्या सहज बोलून गेला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "कालपासून पडून हाय. तुम्ही निघा, ऊन चढायच्या आत पोहोचाल."

"मग फेरी?" मीराकाकूंनी विचारलं.

"मी फिरवली ना काल, काकू. फेरी झाली समजा."

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वनमालेले जपून ठेव बरं," त्या म्हणाल्या. "आजकालचा ताप वाईट." त्यांना मागच्या सीटवर बसवून त्यानं दार लावलं. मंजिरीनं गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी गाय आडवी आली, मागचे लाल दिवे लागले, गाडी थांबली, गाय गेली, गाडी वळली. लागला ब्रेक, दिवाकरनं स्वतःला सांगितलं.

वनमाला बाहेर आली ती मोरपंखी पातळ नेसून, केसात फूल माळून. रिकाम्या जागेकडं तिनं पाहिलं. तिथं ऑइलचे जुने डाग होते, गाडी नव्हती.

"गेली? मले न बसवता?"

"त्यांले घाई होती."

"काकूंनी विचारलं नाही माझं?"

"विचारलं."

"मग काय सांगितलं तुम्ही?"

दिवाकर पान्हे पुसू लागला. पान्हे स्वच्छच होते. वनमाला भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात निदान आवाज चढवता येतो. ती आत गेली, पातळ न बदलताच सूप घेऊन तांदूळ निवडत बसली, आणि तिला कळलं आहे हे त्याला कळलं.

लाज म्हणजे काय ते दिवाकरला त्या वेळी समजलं. आजवर तो दुसऱ्यांच्या लाजेच्या गोष्टी सांगायचा. अमक्यानं पॅडऐवजी काय चिकटवून दिलं, तमक्यानं ऑइलमध्ये काय मिसळलं, आणि वर म्हणायचा, "असे लोक रात्री झोपतात कसे?" आता कळलं कसे झोपतात. आधी घरची माणसं मोजून आत घेतात, कडी लावतात आणि झोपतात. त्यानं मोबाइल काढला, मंजिरीचा नंबर समोर आणला. काय सांगायचं? रबर जुनी आहे? मग कालच काहून नाही सांगितलं? तापाचं कसं सांगायचं? तो नंबर बघत बसला आणि पडदा काळा झाला. त्यानं पुन्हा नंबर काढला. पुन्हा काळा झाला. तोवर गाडी शहराबाहेर पडली असेल, नव्या रायपूरच्या त्या रुंद रस्त्याला लागली असेल. तिथं शहाणी माणसंही गाडी सोडतात, आणि मंजिरीचा तर रोजचा रस्ता. मागं काकू, मांडीवर डबे. तरी बोट काही नंबरावर पडलं नाही. या वेळी ते बधिर नव्हतं.

मग गल्लीत हॉर्न वाजला. कॉन्टेसाचाच, जुना, जाड आवाजाचा.

गाडी दुकानासमोर उभी राहिली. मंजिरी हसत होती. "काय सांगू भैया, गल्लीतून बाहेर पडलो आणि आई म्हणाली, घरी चल. वहिनींसाठी काढा करायचा म्हणे. मग म्हणाली, तापात काय खाईल ती, मऊ भात टाकते. राजिम राहिलं बाजूला. मी म्हटलं, निघालेलं पाऊल मागं घेऊ नये म्हणतेस तूच ना? तर मलाच रागावली."

मीराकाकूंनी काचेतून थर्मास आणि एक डबा बाहेर केला. "सुंठ अन् तुळस हाय. गरम गरम दे तिले. भाताले जिरं लावलं."

दिवाकरनं डबा घेतला. डबा गरम होता. आतून वनमाला दारात आली, मोरपंखी पातळात, केसात फूल, चांगली धडधाकट.

मंजिरीचं हसू अर्ध्यावर थांबलं. काकूंनी चष्मा वर केला. वनमालानं एकदा नवऱ्याच्या हातातल्या डब्याकडं पाहिलं, एकदा काकूंकडं, आणि तिला सगळं उमगलं. तिची कानशिलं लाल झाली. लाज त्याची होती, पण आधी तिच्या तोंडावर आली.

"उतरला काकू ताप," ती म्हणाली. "पहाटेच उतरला. तुम्ही काहून एवढा त्रास घेतला?"

"उतरला ना? बस, मग झालं," काकू म्हणाल्या.

"आता आलाच हाय तर फेरी होऊन जाऊ द्या," वनमाला म्हणाली आणि दिवाकरच्या बाजूनं, त्याच्याकडं न बघता, गाडीपाशी गेली. मागचं दार उघडून ती काकूंच्या शेजारी बसली. तिला खरंच अजून भरवसा होता, की तिला बघायचं होतं तो काय करतो, हे दिवाकरनं पुढं कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलंही नाही.

"आता मले बरं वाटलं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी वनमालाचा हात आपल्या हातात घेतला. "तू नव्हती तर कसंतरीच वाटून राहिलं होतं."

मंजिरीनं गाडी सुरू केली. गिअर पडला. गाडी वीतभर पुढं सरकली आणि दिवाकर बॉनेटवर दोन्ही हात टेकून समोर उभा राहिला. डबा त्यानं कधी खाली ठेवला ते त्याला आठवत नाही.

"उतर," तो म्हणाला.

"काय झालं, भैया?" मंजिरीनं इंजिन बंद केलं.

तो खिडकीपाशी आला. "वनमाला, उतर खाली. ह्या चाकात जुनी रबर हाय. नवी माझ्या हातानं कापल्या गेली. बोटं चालत नाही माझे, काकू. पेचकस लावला मी रबराले."

"पण ब्रेक तर छान लागून राहिला," मंजिरी म्हणाली. तिला अजून धागा लागला नव्हता. "आम्ही घरी जाऊन आलो ना आत्ता."

"लागते. संध्याकाळीही लागंल, उद्याही लागंल कदाचित. मले खात्री नाही."

गल्लीतून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत गेला. मंजिरीनं किल्ली काढून मुठीत धरली आणि ती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. मीराकाकूंनी वनमालाचा हात सोडला नव्हता. रागावल्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता. त्यांना खरोखर समजत नव्हतं, आणि समजत नसलेली गोष्ट विचारावी तसं त्यांनी विचारलं.

"मग मघाशी आम्हाले काहून जाऊ दिलं, दिवाकर?"

सांगण्यासारखं खूप होतं. कोलकात्याहून रिंगा उशिरा आल्या. रविवारचा शब्द दिला होता. वर्कशॉपवाल्यांसमोर नाक कापलं गेलं असतं. सगळं त्याच्या जिभेवर आलं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. पण त्यानं मान वर केली तेव्हा काकूंच्या शेजारी बसलेली वनमालाही त्याच्याकडंच बघत होती, आणि तिच्यासमोर त्याला दुसरं काही बोलता आलं नाही.

"मघाशी ही गाडीत नव्हती, काकू," तो म्हणाला.

दिवाकरनं वनमालाच्या बाजूचं दार उघडलं. ती हलली नाही.

"आधी काकू उतरतील," ती म्हणाली.

तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, दार उघडलं आणि हात पुढं केला. गुडघ्यांमुळं काकूंना कोणाच्या तरी हाताचा आधार लागायचाच. त्यांनी त्या हाताकडं पाहिलं. मग दाराची कड धरली, एक पाय खाली सोडला, थांबल्या, दुसरा सोडला, आणि एकट्या उतरल्या.